जिन्नस क्रमांक सदतीस

शेजारच्या देशाचा माल वापरायचा नाही, असं आमच्या सोसायटीनं ज्या सभेत ठरवलं त्या सभेला मी गैरहजर होते. हजर असते तर यादीचं काम माझ्या गळ्यात पडलं नसतं, असं आई म्हणते. मला ते पटत नाही. दोन इमारतींत मिळून विज्ञानाची पदवी घेऊन घरी बसलेली मी एकटीच होते. कुठेही बसले असते तरी नजरा माझ्याकडेच वळल्या असत्या.

सीमेवर काय झालं होतं ते सांगत बसत नाही. तेव्हा ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आता विचारलं तर दोन माणसं एकच गोष्ट सांगत नाहीत. एवढंच सांगते, की गावभर बहिष्कार सुरू होऊन दोन महिने झाले होते आणि आमची सोसायटी नेहमीप्रमाणे उशिरा जागी झाली होती. गच्चीची गळती असो की देशाभिमान, आमच्याकडे कोरम भरायला वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी एक कोरं रजिस्टर घेऊन आले. "तू सायन्सवाली. कुठली वस्तू कुठली ते तुला कळणार."

"काका, माझा विषय पदार्थविज्ञान. त्यात इलेक्ट्रॉनचा देश शिकवत नाहीत."

ते सभ्यपणे हसले आणि रजिस्टर टेबलावर ठेवून गेले. पहिल्या पानावर त्यांनी रकाने आखून ठेवले होते: जिन्नस, रंग, मूळ देश, शेरा. रंग कशाला हवा होता ते मला तेव्हा कळलं नाही.

मी ते काम मनापासून केलं याला एक खासगी कारण होतं. बाबांचा स्प्रिंगांचा कारखाना आहे. कारखाना हा शब्द आम्ही बाहेरच्यांसमोर वापरतो, घरात नुसतं शेड म्हणतो. दोन गल्ल्या सोडून पत्र्याच्या छपराखाली एक यंत्र, एक छोटी भट्टी, एक वजनकाटा, बाबा, मिस्त्री आणि पॅकिंगला बसणाऱ्या दोघी बहिणी. यंत्राच्या एका टोकाला तारेचं भेंडोळं लावायचं, की दुसऱ्या टोकाला कपडे वाळत घालायच्या चिमट्याची स्प्रिंग टप् करून डब्यात पडते. मिनिटाला एकोणसाठ. साठ का नाही, असं मी दहा वर्षांची असताना मिस्त्रींना विचारलं होतं. "मधे एकदा ते श्वास घेतं, ताई," ते म्हणाले होते. हे काही शास्त्रीय उत्तर नव्हे, म्हणून मी घड्याळ लावून बसले. खरंच, मिनिटातून एकदा ते अडखळायचं.

तर दोन महिने आमच्या स्प्रिंगा घेणाऱ्या व्यापाऱ्यानं माल उचलला नव्हता. "जरा थांबा," एवढंच तो फोनवर म्हणायचा. बाबा थांबले. पोती भिंतीला लागून छपरापर्यंत गेली. बाबा जेवताना बोलेनासे झाले. एकदा मात्र आईला म्हणाले, "महिनाअखेर माल हलला नाही तर मिस्त्रींना सांगावं लागेल." काय सांगावं लागेल ते आईनं विचारलं नाही. मिस्त्री त्या शेडमध्ये सव्वीस वर्षं होते.

माझं अनुमान असं होतं: बाजारात शेजारच्या देशाचे चिमटे भरलेत, त्यामुळे आपले चिमटे खपत नाहीत, त्यामुळे आपल्या स्प्रिंगा पडून आहेत. बहिष्कार चालू असूनही फरक पडत नाही, याचा अर्थ बहिष्कार पुरेसा कडक नाही. चार पायऱ्यांचं अनुमान, आणि त्यातली एकही पायरी मी तपासली नव्हती. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण प्रयोगशाळेत अशा चुकीला आमच्या बाई वही परत फेकायच्या.

यादीचं काम वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. लोक वस्तू आणून दाखवत आणि निकाल मागत, तोही आपल्या मनासारखा. नको असलेली जुनी इस्त्री शेजारच्या देशाचीच निघावी अशी एका घराची इच्छा होती. दुसऱ्या घरात नवाकोरा पंखा होता, त्याच्यावरचं लेबल रातोरात खरवडलेलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मिक्सर घेऊन आल्या. भांडं इथलं, मोटर तिकडची, वायर कुठली ते वायरीलाच ठाऊक.

"आता मी काय, अर्धा मिक्सर वापरू?" काकूंनी विचारलं. "वाटण वरच्या वर फिरवू?"

मग मी ठरवलं की व्याख्या हवी. व्याख्येशिवाय मोजमाप म्हणजे नुसतं बघणं. म्हणून मी आयात-निर्यात खात्याच्या कार्यालयात गेले. पहिल्या खिडकीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं अर्ज मागितला, अर्जाचा नमुना पहिल्या खिडकीवर मिळत होता. शेवटी एका टेबलापाशी पोचले. तिथल्या कारकुनांनी माझा प्रश्न शांतपणे ऐकून घेतला.

"ज्या देशात वस्तूवर शेवटचं महत्त्वाचं काम झालं, तो तिचा देश," ते म्हणाले.

"महत्त्वाचं म्हणजे कोणतं?"

"ते तुम्ही ठरवून अर्ज करायचा. मग ते चूक आहे की नाही हे आम्ही कळवतो."

"आणि चूक असेल तर बरोबर काय ते?"

"त्यासाठी वेगळा अर्ज."

त्यांनी माझा अर्ज इतर अर्जांबरोबर एका निळ्या चिमट्यात अडकवला. कपड्यांचाच चिमटा होता. मी तो ओळखला, कारण आदल्याच दिवशी तो माझ्या यादीत चढला होता. जिन्नस क्रमांक सदतीस, कपड्यांचे चिमटे, निळे, मूळ देश शेजारचा. शेऱ्याच्या रकान्यात मी "तातडीनं" असं लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं. संपूर्ण यादीत अधोरेखित तेवढाच एक शब्द होता.

त्या संध्याकाळी जेवताना मी बाबांना सांगितलं, "चिमट्यांचं काम मी जातीनं बघणारे. एक चिमटा शिल्लक ठेवणार नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग ताटाकडे बघितलं. "बरं," ते म्हणाले.

आम्ही चिमटे गोळा केले. पार्किंगमध्ये एक पिंप ठेवलं आणि प्रत्येक गॅलरीतून चिमटे उतरवले. दोन हजार तीनशे सोळा. मी मोजले होते. जिल्ह्यातल्या मोठ्या मोर्च्यात ते पिंप सगळ्यांसमोर चिरडायचं असं सेक्रेटरींच्या मनात होतं. इतर सोसायट्यांनी आमचं बघून आपापली पिंपं ठेवली. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. त्यात माझा उल्लेख "एक तज्ज्ञ" असा होता. आईनं तो कागद कापून ठेवला आणि एका कोपऱ्यावर आमटी सांडली.

आता कपडे कशानं अडकवायचे, हा प्रश्न सभेत कुणी काढलाच नव्हता. दुकानात इथले लाकडी चिमटे मिळत होते, पण त्यांचा जबडा असा, की टॉवेल धरायचा तर रुमाल सोडायचा. लोकांनी दोरीला कपड्यांच्या गाठी मारल्या. गाठ मारलेली बाही वाळत नाही, हे मला पाण्याच्या बाष्पीभवनाचा वेग ठाऊक असल्यामुळे आधीच कळायला हवं होतं. मग आठवडाभर वारा सुटला. सेक्रेटरींची पॅंट शेजारच्या शाळेच्या आवारात उतरली आणि प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांनी ती वर धरून "ही कुणाची?" असं विचारलं. काकूंचा पिवळा गाऊन समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला. चार दिवस तो तिथे बसलेला आम्हाला सगळ्यांना दिसत होता, आणि लांबून काकूच बसल्यासारख्या दिसत होत्या.

पाचव्या दिवशी काकू आल्या. "माझे चिमटे परत दे."

"काकू, ते तिकडचे आहेत. पाकिटावर लिहिलंय."

"लिहिलेलं खरं मानायचं तर माझ्या साखरेच्या डब्यावर 'चहा' लिहिलंय. आत उघडून बघितलंस?"

"आत काय बघायचं?"

"ते मला काय माहीत! पदवी तू घेतलीयस का मी?"

हा घाव बसला. वस्तू न उघडता निकाल दिला होता हे खरं होतं. मी पिंपातून एक चिमटा घरी आणला, दोन्ही पाकळ्या वेगळ्या केल्या आणि स्प्रिंग टेबलावर ठेवली. व्हर्नियर लावलं. तारेची जाडी एक पूर्णांक सहा मिलिमीटर. वेढे साडेचार. मग भिंगाखाली धरली. तिसऱ्या वेढ्यावर, आतल्या बाजूला, नखाच्या टोकाएवढा एक तिरपा चरा होता.

मी भिंग पुसलं. चरा तिथेच होता. मी उठून पिंपापाशी गेले आणि मूठभर चिमटे घेऊन आले. चौदा उघडले. चौदाही स्प्रिंगांच्या तिसऱ्याच वेढ्यावर, तसाच तिरपा.

तो चरा मला लहानपणापासून माहीत होता. बाबांच्या यंत्रात गुंडाळलेले वेढे धरून ठेवणारं बोटाएवढं एक पोलादी टोक आहे. त्याला आम्ही बोटच म्हणतो. त्या बोटाचा टवका उडालेला आहे, आणि ते तिसऱ्या वेढ्यावर टेकतं. शेडमधून निघालेली प्रत्येक स्प्रिंग ती खूण घेऊनच निघते.

मी चौदा स्प्रिंगा रुमालात बांधून शेडकडे गेले. यंत्र बंद होतं. मिस्त्री ते पुसत होते. काम नसलेल्या यंत्राला पुसण्याइतकं काम कुठून सापडत होतं देव जाणे. मी रुमाल उघडला. त्यांनी हातात न घेताच सांगितलं, "आपल्या आहेत. कुठून आणल्यात?"

"तिकडच्या चिमट्यांतून."

मिस्त्री फडकं चालवायचे थांबले. बाबा वजनकाट्यापाशी बसले होते. ते म्हणाले, "व्यापारी आपल्या स्प्रिंगा तिकडे पाठवतो. तिकडे प्लास्टिक स्वस्त. चिमटा तिकडे जोडतात आणि पाकिटं इकडे येतात. पंधरा वर्षं झाली."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग मला सांगितलं का नाही? मी जेवताना रोज तुमच्यासमोर..."

"तू किती मन लावून करत होतीस," बाबा म्हणाले. "कॉलेज संपल्यापासून तुला असं पहिल्यांदाच बघत होतो. आणि म्हटलं, आपल्या एका सोसायटीनं काय होतंय."

दोन हजार तीनशे सोळा हा आकडा मला पाठ होता, तो मी उच्चारला नाही. आमचं बघून ठेवलेल्या इतर पिंपांची मोजणी माझ्याकडे नव्हती.

रविवारी मी सभा बोलावली. कोरम चक्क भरला, कारण बहुतेकांना कपड्यांबद्दल तक्रार होती. मी फळ्यावर चिमट्याची आकृती काढली, पाकळ्या आणि स्प्रिंग वेगळी दाखवली, भिंग सगळ्यांच्या हातून फिरवलं आणि सांगितलं की हे चिमटे थांबवून आपण दोन गल्ल्यांपलीकडचं आपलंच एक यंत्र थांबवलं आहे, आणि महिनाअखेर मिस्त्रींचं काम जाणार आहे. चूक माझी होती हेही मी सांगितलं. एवढं बोलल्यावर लोक गप्प होतील असं मला वाटलं होतं.

"म्हणजे चिमटा आपला?" सेक्रेटरींनी विचारलं.

"स्प्रिंग आपली. प्लास्टिक त्यांचं."

"पण चिमट्यात महत्त्वाचं काय?"

"चावणं महत्त्वाचं," मागून कुणीतरी म्हणालं. "स्प्रिंगच चावते."

"प्लास्टिक नसेल तर स्प्रिंग काय हवेत चावेल?"

"ते कार्यालयाला विचारा."

"विचारलंय," मी म्हणाले. "अर्ज त्यांच्याकडे आहे. चिमट्यात."

पाऊण तास चर्चा झाली. मग सेक्रेटरींनी असा तोडगा काढला की त्यांचं प्लास्टिक अभिमानानं नाकारायचं आणि आपली स्प्रिंग अभिमानानं परत घ्यायची. ठराव एकमतानं मंजूर झाला. मी विरोधात हात वर केला होता, पण तो प्रश्न विचारण्यासाठी आहे असं समजून सेक्रेटरी "शेवटी घेऊ" म्हणाले.

पुढच्या दोन संध्याकाळी अख्खी सोसायटी पार्किंगमध्ये सतरंज्या टाकून चिमटे उघडत बसली. इतकी एकी मी आधी कधी पाहिली नव्हती. लोकांची बोटं चिमटली, नखं तुटली. एक स्प्रिंग उडून सेक्रेटरींच्या चष्म्याच्या काचेला लागली आणि काच तडकली. काच तपासली असता इथलीच निघाली. काकू स्टूल घेऊन बसल्या होत्या आणि दर शंभर चिमट्यांनंतर माझ्याकडे बघून म्हणत होत्या, "मी नुसतं उघडून बघ म्हटलं होतं हं. हे मी नाही सांगितलं."

तिसऱ्या दिवशी सात जणांचं शिष्टमंडळ स्प्रिंगांचं पोतं घेऊन शेडमध्ये गेलं. सोबत आभाराचं पत्र होतं. आपल्या श्रमांची फळं आपल्या हाती परत देताना आनंद होतो, अशी त्यातली सुरुवात होती. बाबा उभे राहिले. त्यांनी पोतं घेतलं, सगळ्यांना बसा म्हटलं, पाणी दिलं. पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. सेक्रेटरींना वाटलं बाबांना गहिवरून आलंय. ते बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता काही काळजी करू नका."

ते गेल्यावर मिस्त्रींनी पोत्यातली मूठभर काढून अंगठ्यानं एकेक दाबून पाहिली. "उघडताना ताणल्यात," ते म्हणाले. "आता या धरणार नाहीत." पोतं त्यांनी इतर पोत्यांवर रचलं नाही. वेगळं ठेवलं.

महिना संपायला चार दिवस असताना व्यापारी आला. इतक्या वर्षांत तो शेडमध्ये पहिल्यांदाच बसला असावा, कारण कुठे बसायचं ते त्याला कळत नव्हतं.

"भाऊ, इकडचं ठीक आहे, इकडचे लोक विसरतील," तो म्हणाला. "पण आता तिकडेही सुरू झालंय. तिथे कुणीतरी चिमटा उघडून बघितला. आत इकडची स्प्रिंग आहे म्हणून बोभाटा केला. आता तिकडचा कारखानदार आपला माल दारात उभा करून घेत नाही. इकडे चिमटा त्यांचा म्हणून चालत नाही, तिकडे स्प्रिंग आपली म्हणून."

"कुणी बघितलं?" मी विचारलं.

"असेल कुणी शिकलेलं माणूस. आपल्या पोत्यातल्या स्प्रिंगांवरही तोच चरा, त्यावरून ओळखलं म्हणे. भिंग लावून."

त्या माणसाकडेही रजिस्टर असेल, आणि त्यालाही तो गैरहजर असताना कुणीतरी नेमलं असेल, असं मला वाटलं. मला त्याचा राग यायला हवा होता. पण त्यानं किती चिमटे उघडून मग निष्कर्ष काढला, हे विचारायची इच्छा होत होती.

व्यापाऱ्याकडे उपाय होता. माल आधी लांबच्या एका तिसऱ्या देशात पाठवायचा. तिथून तो तिकडे जाईल, तिकडचे चिमटेही तिसऱ्या देशातून फिरून इकडे येतील, नव्या रंगात, नव्या पाकिटात. प्रवास दुप्पट, म्हणून माल निम्माच घेता येईल. आणि एक अट होती.

"तेवढा चरा घालवा, भाऊ. खूण नको."

बाबांनी होकारार्थी मान हलवली. मिस्त्री यंत्राकडे बघत होते.

व्यापारी गेल्यावर मी विचारलं, "नवं बोट बसवायला किती वेळ लागतो?"

"एक सकाळ," मिस्त्री म्हणाले.

"मग इतकी वर्षं का नाही बसवलं?"

मिस्त्रींनी बाबांकडे पाहिलं. बाबा थोडे ओशाळले. "स्प्रिंगेला त्यानं काही होत नाही," ते म्हणाले. "ताकद तीच राहते. आणि... कुठेही गेलो ना, लग्नाला, दवाखान्यात, प्रवासात, गॅलरीत चिमटा दिसला की मी जरा दाबून आत बघतो. चरा असला की कळतं."

"काय कळतं?"

"इथवर आली म्हणून."

नवं बोट आम्ही शनिवारी बसवलं. मोजमाप मी केलं, घासलं मिस्त्रींनी. पहिल्या शंभर स्प्रिंगा मी भिंगाखाली तपासल्या. तिसरा वेढा पहिल्या आणि दुसऱ्या वेढ्यासारखाच होता, स्वच्छ, कुठूनही आलेला असावा तसा. ज्या खुणेवरून मी स्प्रिंग ओळखली होती तीच मी आता पुसली होती, आणि काम चोख झालं होतं. मग मी सवयीनं घड्याळ लावलं. साठ. पुन्हा लावलं. साठच. अडखळत होतं ते त्या टवका उडालेल्या बोटामुळे.

"आता श्वास घेत नाही," मी मिस्त्रींना म्हणाले.

"हं," मिस्त्री म्हणाले. "सकाळीच कळलं मला. कानाला चुकल्यासारखं होतंय."

मिस्त्री राहिले, पण अर्धा दिवसच येतात. दोघी बहिणींपैकी धाकटी आता दुसरीकडे जाते. दोन महिन्यांनी बाजारात हिरवे चिमटे आले. महाग होते, पण कपडे धरत होते. सेक्रेटरी एक पाकीट घेऊन निकालासाठी आले. मी एक चिमटा उघडला, मोजला, भिंगाखाली धरला. एक पूर्णांक सहा मिलिमीटर. साडेचार वेढे. चरा नाही. रजिस्टरमध्ये जिन्नस क्रमांक सदतीसच्या खाली मी नवी ओळ लिहिली: चिमटे, हिरवे, मूळ देश तिसरा. शेरा: चालेल. रंगाचा रकाना पहिल्यांदाच उपयोगी पडला.

"बघ, ठाम राहिलं की होतं," सेक्रेटरी म्हणाले आणि समाधानानं गेले. त्यांच्या चष्म्याची नवी काचही मी त्यांना तपासून दिली होती.

परवा संध्याकाळी बाबा गॅलरीत आपला सदरा वाळत घालत होते. त्यांनी दोरीवरचा हिरवा चिमटा काढला, दाबला, आणि उजेडाकडे धरून आत बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग दुसरा काढून बघितला.

"आपलीच ना गं ही?" त्यांनी विचारलं.

व्हर्नियर आत टेबलावर होतं, सात पावलांवर. भिंगही तिथेच होतं. मी जागची हलले नाही.

"आपलीच," मी म्हणाले.

बाबांनी सदऱ्याचा खांदा सारखा केला आणि चिमटा लावला.